मोहफुलाच्या दिवसांत रेकॉर्डिंग ठेवू नका : आदिवासी कला आणि ज्ञानाच्या कामासाठी अनुदान कसं मागावं

"भाऊ, कलाकारांसाठी कोनती स्कीम आली आहे जी?" धारणीपासून भामरागडपर्यंत कुठेही गेलं तरी चर्चा इथूनच सुरू होते. माझ्या मते योजनेचा नंबर चौथा लागतो. त्याआधी काम कोणतं, ते ज्ञान कोणाचं आणि पैसे आले तर पहिल्यांदा कोणाच्या हातात पडणार, एवढं ठरलेलं असलं पाहिजे. हे ठरलं नसेल तर योजना सापडूनही फॉर्म अर्धाच राहतो.

हा लेख ज्यांनी असा अर्ज कधीच भरला नाही त्यांच्यासाठी आहे. ढेमसा किंवा रेला नाचाच्या पथकातली पोरं, कोरकू गाणी गोळा करणारे शिक्षक, घरात बाना (तंतुवाद्य) खुंटीला टांगून ठेवलेली परधान कुटुंबं, बांबूकाम करणारे बचत गट, आणि या सगळ्यांचे कागद भरून देणारा गावातला एखादा शिकलेला पोरगा. बहुतेक वेळा सगळा भार त्या पोरावरच येतो, म्हणून त्यालाच समोर धरून लिहितो.

पहिलं : काम एका परिच्छेदात सांगा

"आदिवासी संस्कृतीचे जतन व संवर्धन करणे." हे वाक्य लिहिलं असेल तर आधी खोडा. ते वाचून समोरच्याला काहीच कळत नाही, आणि चुकून पैसे मिळालेच तर वर्षाअखेरीस हिशेब देताना तुमची पंचाईत होते. जतन केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे दाखवणार कसं?

त्याऐवजी असं लिहून पाहा (नमुना आहे, जसाच्या तसा उतरवू नका) : "केळापूर तालुक्यातल्या तीन कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) लग्नातली गाणी पूर्ण येणाऱ्या सहा बाया आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांची गाणी कोलामीत रेकॉर्ड करायची, देवनागरीत उतरवायची, खाली मराठी अर्थ द्यायचा. एक छोटी पुस्तिका काढायची. रेकॉर्डिंगची प्रत त्या सहा घरांत आणि पोडावरच्या शाळेत ठेवायची. मुदत दहा महिने."

कुठे, कोण, काय, किती दिवसांत आणि शेवटी हातात काय उरेल, हे सगळं यात आलं. मेळघाटात हेच काम गादली-सुसून या कोरकू नाचांच्या गाण्यांचं होईल, जिवतीकडे दंडारी नाचाचं, भामरागडला मांदरी (ढोल) बनवण्याचं. पण एका अर्जात एकच. "गाणी, नृत्य, औषधी वनस्पती, बोलीचा शब्दकोश आणि संग्रहालय" असा पाच कामांचा प्रस्ताव आला की वाचणारा समजून जातो, यातलं एकही पूर्ण होणार नाही.

काम नोंदीचं आहे, शिकवण्याचं आहे, कार्यक्रमाचं आहे की वस्तू बनवून विकण्याचं, हेही इथेच ठरवून टाका. पुढे दार, म्हणजे कोणत्या योजनेकडे जायचं ते, निवडताना सगळा फरक त्यावरच पडतो.

दुसरं : गावाला विचारा, आणि लेखी विचारा

गाणं एक बाई म्हणते, पण ते गाणं तिच्या एकटीचं नसतं. पेनाचं (गोंडांच्या देवाचं) गाणं असेल, देवकार्यातलं असेल, तर भुमक, पेरमा किंवा गायता या गावच्या पुजारी-जाणत्यांच्या शब्दाशिवाय ते गावाबाहेर जात नाही. मग तुमचा मोबाइल कितीही भारी असो.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. या कायद्यात गाव म्हणजे महसुली गावच असं नाही. स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा पाडा, टोला किंवा पोडही गाव ठरू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, इंग्रजी प्रतीत ते 'के' म्हणून छापलं आहे, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदेचा हक्क लिहिलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हा चर्चा बांबूची झाली. या कलमाकडे तेव्हाही कोणी फारसं पाहिलं नाही, आजही पाहत नाहीत.

एक लक्षात ठेवा. विदर्भात अनुसूचित क्षेत्र (सरकारने जाहीर केलेला आदिवासी भाग) गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती या चार जिल्ह्यांतल्या ठरावीक भागांत आहे. सालेकसा, देवरीत आदिवासी वस्ती भरपूर असली तरी गोंदिया जिल्हा त्यात नाही. तिथे पेसाचा आधार मिळणार नाही, वनहक्क कायद्याचा मात्र मिळेल.

ग्रामसभेत ठराव घ्यायचा. त्यात कामाचं नाव, कोण करणार, किती काळ, आणि गोळा झालेल्या गोष्टींचे तीन गठ्ठे स्पष्ट लिहायचे. पहिला गठ्ठा, सगळ्यांना दाखवायला हरकत नसलेला. दुसरा, फक्त गावात आणि शाळेत ठेवायचा. तिसरा, रेकॉर्डच करायचा नाही. तिसऱ्या गठ्ठ्यात काय आहे याची यादी करत बसू नका; "भुमक सांगतील ते" एवढं पुरे. जडीबुटीचं ज्ञान असेल तर आणखी जपून. कोणतं मूळ, किती, कशात उगाळून, हे एकदा अहवालात छापून बाहेर पडलं की परत घेता येत नाही. गावाची लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राणी आणि त्यांच्या ज्ञानाची नोंद) झाली असेल तर जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही या ठरावात धरा. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, अडलं तर तिथे विचारता येतं.

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभा ठरलेल्या असतात, पण त्या दिवशी घरकुल आणि नळयोजनेवरून एवढी भांडणं चालतात की गाण्याचा विषय निघतच नाही. वेगळी बैठक लावा. संध्याकाळी, बाया जंगलातून परत आल्यावर.

तिसरं : अंदाजपत्रकात जाणकार पहिल्या ओळीत

या विषयावर मी थोडा हट्टी आहे. अर्ज पाहिले तर कॅमेरा, एडिटिंग, पुस्तकाची छपाई, उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांचा सत्कार, सगळ्याला आकडा असतो. आणि जिच्या तोंडून गाणी आली त्या बाईच्या नावापुढे शाल-श्रीफळ. शहरातून आलेल्या कॅमेरावाल्याला दिवसाचे तीन हजार आणि तिला चहा-बिस्किट, हे कोणत्याही संस्थेच्या नियमात लिहिलेलं नाही. आपणच तसं लिहितो.

वरच्याच नमुन्याचं अंदाजपत्रक मांडून पाहू. सहा बाया, प्रत्येकीच्या आठ बैठका, बैठकीला ६०० रुपये : २८,८००. चाळीस गाणी उतरवून अर्थ लावणाऱ्या कोलामी येणाऱ्या पोरीला गाण्यामागे ५०० : २०,०००. आवाज टिपायचा रेकॉर्डर आणि माइक : १४,०००. दोन हार्ड डिस्क : १०,०००. प्रवास : १२,०००. पुस्तिकेच्या शंभर प्रती : १२,०००. समन्वयकाला दहा महिने ४,००० प्रमाणे : ४०,०००. हिशेब तपासणीस : ५,०००. बेरीज १,४१,८००. हे भाव नमुन्याचे आहेत. तुमचे भाव तुमच्या बाजारात विचारा आणि वस्तूंचं लेखी कोटेशन घ्या.

बैठकीचे ६०० कसे ठरवायचे? त्या दिवशी ती बाई कामावर गेली असती तर काय कमावलं असतं ते आधी धरा, मग त्यावर तिच्या ज्ञानाचे. नुसती मजुरी भरून दिली तर ती मजूर झाली, जाणकार नाही. कोणी विचारलंच, "म्हातारीला एवढे कशाला?" तर हेच उत्तर लिहून द्या. हे पटत नाही अशा संस्थेचे पैसे न घेतलेलेच बरे.

दुसरी गोष्ट दिवसांची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसात धानपट्ट्यात रोवणी (भाताची लावणी), दिवाळीनंतर यवतमाळकडे कापूस वेचणी. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे चारला बाई टोपली घेऊन निघते; दुपारी तिला रेकॉर्डिंगला बसवाल तर ती झोपेल किंवा तुम्हाला हाकलून देईल, आणि दोन्ही बरोबरच. शिवाय काही गाणी ज्या-त्या सणालाच म्हणायची असतात. दंडारीची दिवाळीच्या सुमारास, मेळघाटातली फगव्याची होळीला. जूनमध्ये ती म्हणा म्हटलं तर म्हणणार नाहीत. म्हणून प्रस्तावातलं वेळापत्रक एप्रिल ते मार्च असं सरकारी वर्षाप्रमाणे न आखता गावाच्या वर्षाप्रमाणे आखा आणि एका ओळीत कारण द्या. वाचणाऱ्यालाही कळतं, हा माणूस त्या गावात खरंच राहतो.

चौथं : दार कोणतं

आता योजना.

पथक असेल, नाच-वादन असेल, तर पहिलं दार नागपुरात सिव्हिल लाइन्सला. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. केंद्र सरकारचं आहे, १९८६ पासून चालू आहे. पथकाची नोंद तिथे करून ठेवली की महोत्सवांना बोलावणं येऊ शकतं. त्यांचीच गुरु-शिष्य परंपरा योजना आहे : गुरूला महिन्याला ७,५००, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५०० रुपये. बाना वाजवणारा एकच म्हातारा उरलाय आणि चार नातवांना शिकवायचं आहे, अशा घरासाठी यापेक्षा जवळची योजना मला तरी दिसत नाही.

एकट्या कलाकारासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, दिल्लीची सीसीआरटी ही सरकारी संस्था ती चालवते. वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. लोककला आणि पारंपरिक कला त्यात येतात. पाच वर्षं शिकल्याचा गुरूचा दाखला लागतो. आपल्याकडे गुरू कोणी पाटी लावून बसत नाही, त्यामुळे पोरं इथे अडतात. ज्या जाणत्या वादकासोबत लहानपणापासून वाजवलं त्याच्याकडून साधं पत्र घ्या : कधीपासून, काय शिकवलं, कुठल्या सणांना सोबत वाजवलं. सही येत नसेल तर अंगठा, बाजूला दोन साक्षीदार.

पंचविशी उलटली असेल तर तिथेच ज्युनियर फेलोशिप (२५ ते ४० वर्षं, महिन्याला १०,०००) आणि चाळिशीनंतर सीनियर (२०,०००). या दोन्ही अभ्यासाच्या कामासाठी आहेत, मुदत दोन वर्षं, आणि सहामाही अहवाल द्यावा लागतो. गाण्यांची नोंद करणाऱ्या शिक्षकाने इकडे बघावं.

आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय तुम्हाला माहीतच असतं : धारणी, पांढरकवडा, पुसद, चिमूर, अहेरी, भामरागड, देवरी वगैरे. प्रकल्प अधिकाऱ्यांकडे न्यूक्लिअस बजेट म्हणून छोटा निधी असतो, इतर योजनांत न बसणाऱ्या स्थानिक गरजांसाठी. वाद्यांचा संच, प्रशिक्षण अशी मागणी तिथे करून पाहण्यासारखी आहे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था हस्तकला प्रदर्शनं भरवते, वस्तू बनवणाऱ्यांनी त्यावर लक्ष ठेवावं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा ५ टक्के अबंध निधी थेट येतो. तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, पण ठरावीक शीर्षांतच. गोटुलाची (गावातल्या तरुणांच्या सामूहिक घराची) दुरुस्ती पायाभूत सुविधांत बसवता येईल का, हे ग्रामसेवकाला सभेतच विचारा, नंतर ऑफिसात नको.

वस्तू बनवून विकायच्या असतील तर वाट वेगळी. हस्तकला विकास आयुक्तांचं 'पहचान' ओळखपत्र काढा, ट्रायफेडकडे (आदिवासींच्या वस्तू विकणारी केंद्राची संस्था) नोंद करा. टोपल्या, चटया, झाडू बनवणाऱ्यांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १५,००० रुपयांपर्यंतचं अवजारांचं साहाय्य आहे. शबरी महामंडळ (आदिवासींसाठीचं राज्याचं वित्त महामंडळ) बहुतांशी कर्ज देतं, ते फेडायचं असतं. अनुदान समजून कोणी सही करू नये.

खासगी दारांपैकी दोन सांगतो. टाटा स्टील फाउंडेशनची 'संवाद' फेलोशिप, खास आदिवासी समाजातल्या तरुणांसाठी, आपल्याच समाजाच्या संस्कृतीवर काम करायला. आणि बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, जिथे प्रस्ताव मराठीतही पाठवता येतो. मोठा फायदा आहे हा. पोराचा अर्धा जीव इंग्रजीच्या धास्तीनेच जातो.

परदेशी दारंही आहेत. ब्रिटिश म्युझियमचा लोप पावत चाललेल्या हस्तज्ञानाच्या नोंदीचा कार्यक्रम आहे, धोक्यातल्या भाषांच्या नोंदीसाठी ईएलडीपी नावाचा कार्यक्रम आहे. कोरकू, कोलामी, जळगाव जामोदकडची निहाली या भाषांना तो लागू पडावा. पण यांत जमा झालेली सामग्री डिजिटल संग्रहात जगासाठी ठेवली जाते, म्हणजे तुमचे ते तीन गठ्ठे आधी पक्के हवेत. आणि परदेशी पैसा घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. "आमच्या एफसीआरए खात्यातून तुम्हाला देऊ" असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून उठा.

म्हाताऱ्या कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे, पन्नाशीनंतर महिन्याला ५,०००. ते प्रकल्पाचं अनुदान नव्हे, पण तुमच्या सहा बायांपैकी कोणी बसत असेल तर त्यांचा फॉर्म आधी भरा, आपला नंतर.

पाचवं : कागद

सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडकतात. आधारवर 'उइके', जातीच्या दाखल्यावर 'उईके', बँकेत इंग्रजीत तिसरंच काही. अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी आधार, पॅन, पासबुक आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

दुसरी खोच बँक खात्याची. पुरेशा कागदांशिवाय उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. अनुदानाचा हप्ता आला आणि खात्याने घेतलाच नाही, असं होतं. केवायसी पूर्ण करून घ्या.

संस्थेच्या नावाने अर्ज करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा क्रमांक, पॅन, लेखापरीक्षण. कंपन्यांच्या सीएसआरसाठी (सामाजिक कामाचा निधी) सीएसआर-१ फॉर्मही. नागपूरच्या वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) यांसारख्या सरकारी कंपन्यांकडे जायचं असेल तर हे आधी. पण एका पुस्तिकेसाठी संस्था काढू नका. वर्षानुवर्षं ऑडिट आणि बदल अहवाल मागे लागतात. आधीच्या विश्वासू संस्थेच्या नावावर काम करा आणि दोघांत लेखी ठेवा : पैसे किती दिवसांत पुढे देणार, संस्था किती टक्के ठेवणार, रेकॉर्डिंग कोणाचं.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर "कलाकार अनुदान मंजूर, ४९९ रुपये भरा" असे मेसेज फिरतात. फॉर्म पास करून देतो म्हणून दहा टक्के मागणारे महाभागही प्रत्येक तालुक्यात असतात. दोघांनाही काही द्यायचं नाही.

सहावं : पाठवताना आणि पैसे आल्यावर

अर्जासोबत दोन-तीन मिनिटांचा नमुना जोडा. मोबाइलवरचा चालतो, पण वारा नसलेल्या जागी, पंखा बंद करून, आणि कोंबड्यांना दूर हाकलून. नेटवर्क शेवटच्या दिवशी तर नक्कीच जातं, म्हणून मुदतीच्या चार-पाच दिवस आधी तालुक्याला जाऊन अपलोड करा आणि पोचक्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

पैसे बहुधा हप्त्यांत येतात. पहिल्या हप्त्याचा हिशेब दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही, म्हणून पावती त्याच दिवशी. साधी वही : तारीख, नाव, कशाबद्दल, रक्कम, सही किंवा अंगठा. रोख पावती ५,००० च्या वरची असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प. जमेल तिथे थेट खात्यावर पाठवा, म्हणजे वादच नको. एसटीची तिकिटं जपून ठेवा, त्यांची शाई उडते, फोटो काढा. काळीपिवळीवाला बिल देत नाही. त्यासाठी प्रवासाचं स्वघोषणापत्र चालेल का, हे मंजुरीच्या पत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्या. केंद्र सरकारच्या अनुदानात संस्थेला शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) जीएफआर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांच्या, १२-अ नमुन्यात द्यावं लागतं. तो नमुना पहिल्याच दिवशी छापून वहीत चिकटवा आणि खर्चाचे रकाने त्याच्याशी जुळतील असे पाडा.

नामंजूर झालं तर कारण विचारणारा दोन ओळींचा ईमेल करा. सरकारी ठिकाणी उत्तर येईलच असं नाही, खासगी संस्था बऱ्याचदा सांगतात. कारण "बजेट स्पष्ट नाही" असं असेल तर तेवढंच दुरुस्त करून पुढच्या जाहिरातीला पाठवा. ग्रामसभेचा ठराव, बैठकांचं वेळापत्रक आणि बायांची नावं तीच राहतात. फक्त बैठकीच्या दराची ओळ नव्या भावाने लिहा, कारण तोवर मजुरी वाढलेली असते.